इझमची नावं पाठ करू नका, कड बघायला शिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चित्रकलेचं शिक्षण घेतलेलं नाही, पण आधुनिक कला समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे. इम्प्रेशनिझमपासून पॉप आर्टपर्यंतची नावं आणि सालं वाचून झाली, तरी प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहिलं की त्यातलं काहीच कामी येत नाही. मग सुरुवात कुठून करायची? आणि 'आधुनिक' संपून 'समकालीन' नक्की कुठे सुरू होतं?

मी तीसेक वर्षं चित्रं काढतो आणि शिकवतो. नावं पाठ असूनही चित्रासमोर मुकं होणं मी शेकडो विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं आहे. त्यांना सांगतो तेच तुम्हाला सांगतो. नावं काही दिवस बाजूला ठेवा आणि चित्रातली फक्त कड बघा.

कड म्हणजे एक आकार संपतो आणि दुसरा सुरू होतो ती जागा. सफरचंद संपून टेबल लागतं, गाल संपून भिंत लागते, ती जागा. आकाराचा मधला भाग भरणं तुलनेनं सोपं असतं. कडेपाशी आलं की हात थबकतो, कारण तिथे निर्णय घ्यावा लागतो: ही कड धारदार ठेवू, विरघळवू, दोनदा काढू की पुसूनच टाकू? चित्रकार जगाकडे कसं बघतो हे त्या बोटभर जागेत कळतं. गेल्या दीडशे वर्षांतल्या बहुतेक मोठ्या चळवळींनी या एका निर्णयात काहीतरी बदललं आहे.

आधी जुनी पद्धत माहीत हवी. एकोणिसाव्या शतकातल्या अकादमीच्या शिक्षणात छायाप्रकाशाच्या मऊ पायऱ्यांनी आकार 'वळवत' नेत. उजेडाच्या बाजूची कड जरा स्पष्ट, सावलीकडची हळूहळू अंधारात विरणारी, आणि ब्रशचा फटकारा कुठे दिसायचा नाही. कॅन्व्हास म्हणजे जणू उघडी खिडकी. एदुआर मानेचं 'ऑलिम्पिया' १८६५ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनात, लागलं तेव्हा लोक विषयावरून खवळले. पण आज ते चित्र बघताना मला आधी दिसतं ते हे की त्यानं मधल्या छटा जवळजवळ काढून टाकल्या आहेत. देहावर समोरून सपाट उजेड आहे आणि कडेला गडद, बारीक रेघ. अंग 'वळत' नाही, कापून ठेवल्यासारखं दिसतं. खिडकी तिथे बंद व्हायला लागली.

मग इम्प्रेशनिझम, म्हणजे दृक्‌प्रत्ययवाद. १८७४ मध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत तीसेक चित्रकारांनी सलोंला वगळून स्वतःचं प्रदर्शन भरवलं. तिथलं क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' बघून लुई लरुआ नावाच्या समीक्षकानं टिंगल केली आणि ते नाव चिकटलं. पण टिंगलीपेक्षा साधनांची गोष्ट महत्त्वाची आहे. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या चित्रकारानं रंगाच्या दाबता येणाऱ्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी घोटलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. तो गळे, वाळे. ट्यूब आली आणि रंगपेटी घेऊन दिवसभर उघड्यावर बसणं सोपं झालं. उघड्यावर प्रकाश थांबत नाही. आधी रेखाटन, मग छटा, मग रंग, इतका वेळच नसतो. ओल्या रंगावर ओला रंग पडतो आणि दोन रंग जिथे एकमेकांत घुसतात तीच कड होते.

'सूर्योदय' मधला तो नारिंगी गोळा बघा. चित्राचा फोटो फोनवर घ्या आणि कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! कारण मोनेनं सूर्य आणि भोवतीचं करडं-निळं आकाश उजळपणात जवळपास सारखंच ठेवलं आहे. दोघांमधली कड फक्त रंगाची आहे, उजेड-अंधाराची नाही. म्हणून तो सूर्य डोळ्यांना किंचित थरथरता वाटतो. एका चळवळीचं सगळं शहाणपण त्या एका टिकलीत आहे असं मला वाटतं.

जॉर्ज स्यूरानं हाच विचार शास्त्रीय शिस्तीत नेला: कड नाहीच, फक्त ठिपक्यांची दाटी बदलते. 'ला ग्रांद जात' हे सुमारे दोन बाय तीन मीटरचं चित्र त्यानं १८८४ ते १८८६ या काळात केलं आणि नंतर त्याभोवती ठिपक्यांचीच चौकट रंगवली, म्हणजे चित्राची शेवटची कडसुद्धा त्यानं डोळ्यांवर सोपवली. त्यातला झिंक यलो पुढे तपकिरी पडला, त्यामुळे गवतावरचा उजेड आज मुळातल्यापेक्षा मंद दिसतो. मूळ चित्र बघतानाही आपण त्याचं वय बघत असतो, हे ध्यानात असू द्या. व्हॅन गॉग आणि गोगँ उलट दिशेनं गेले. जपानी लाकूडठशांकडून त्यांनी ठसठशीत गडद बाह्यरेषा घेतली आणि आत सपाट रंग भरला.

आता फ्रेंच चित्रकार पॉल सेझान. इथे मी थांबणार आहे, कारण सेझान कळला की पुढची पन्नास वर्षं सोपी होतात.

त्याचं कुठलंही सफरचंदांचं स्थिरचित्र घ्या आणि एका सफरचंदाच्या कडेवर नजर ठेवा. तिथे एक रेघ नसते. निळसर रंगाच्या दोन-तीन तुटक रेघा असतात, एकमेकींच्या शेजारी, एकही पुरी न केलेली. नंतर टेबलाची पुढची कड बघा. टेबलावरून लोंबणाऱ्या कापडाच्या डावीकडे ती जिथे थांबते, तिथून उजवीकडे सरळ रेषेत बाहेर येत नाही. वर किंवा खाली सरकलेली असते. विद्यार्थी म्हणतात, चुकलं. मी त्यांना समोर बाटली ठेवायला सांगतो. डावा डोळा मिटून कड काढा, मग उजवा मिटून. बाटली जागची हललेली नसते, पण कागदावर दोन कडा येतात. मग तास दीड तास बसून काढायला सांगतो. मान हलते, पाठ वाकते, कड पुन्हा सरकते. सेझान खोटी एक रेघ काढायला तयार नव्हता. बघणं वेळ घेतं आणि बघणारा हलतो, हे त्यानं कडेत साठवलं. उतारवयातल्या सांत-व्हिक्तुआर डोंगराच्या चित्रांत तर डोंगराची कड मध्येच उघडी पडते आणि आकाशाचा पट्टा सरळ आत शिरतो. काही ठिकाणी कोरा कॅन्व्हास तसाच सोडलेला आहे, कारण तिथे काय आहे याची त्याला खात्री नव्हती. मला या प्रामाणिकपणाचं आजही भरून येतं.

तो १९०६ मध्ये गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याचं मोठं स्मृतिप्रदर्शन झालं. पिकासोचं 'आव्हिन्यॉंच्या तरुणी' त्याच वर्षाचं, १९०७ चं. १९०८ मध्ये जॉर्ज ब्राक लेस्ताक या गावी, सेझाननंच पूर्वी रंगवलेल्या जागी, घरांची चित्रं काढायला गेला. तिथून क्यूबिझम, म्हणजे घनवाद. 'एकाच वेळी अनेक बाजूंनी दाखवणं' ही पुस्तकी व्याख्या अर्धवट आहे. पिकासो किंवा ब्राकच्या १९१० ते १९१२ दरम्यानच्या एखाद्या चित्रात व्हायोलिनची एक कड धरून चाला. ती एका बाजूला धारदार असते, दुसऱ्या बाजूला उघडी, आणि बघता बघता ती व्हायोलिनची न राहता भिंतीची होते. वस्तू आणि मोकळी जागा यांच्यातलं कुंपण काढलेलं आहे. चित्रं इतकी तपकिरी-करडी का, असं सगळे विचारतात. रंग आला की तो वस्तूला चिकटतो, लाल म्हणजे फळ, निळं म्हणजे आकाश, आणि मोडलेल्या कडा पुन्हा बंद होतात. म्हणून त्यांनी रंग काही काळ बाजूला ठेवला असं मी मानतो.

मग १९१२ मध्ये पिकासोनं एका छोट्या लंबगोल कॅन्व्हासवर वेताच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड, चिकटवलं आणि भोवती खरा दोर बांधला. कडेच्या इतिहासात हे मोठंच वळण आहे. ऑइलक्लॉथची कड चित्रकारानं रंगवलेली नाही, ती कापलेली आहे. आतली वेताची वीण मात्र खोटी, छापलेली. भोवतीचा दोर खरा, पण तो चौकट आहे की टेबलाची किनार? एका चित्रात खरी कड, छापील खोटी वस्तू आणि रंगवलेले तुकडे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेत. कोलाज, पुढची जुळणीशिल्पं, पोस्टर आणि मासिकांतली मांडणी, या सगळ्यांचं मूळ तिथे आहे.

काही चळवळींवरून मी भरभर जातो. १९०५ मध्ये मातीस आणि त्याच्या मित्रांना 'फोव्ह', म्हणजे हिंस्र पशू, असं नाव पडलं. त्यांनी कडेला दोन कडक रंग भिडवले आणि छटांचं काम रंगावर सोपवलं. त्याच वर्षी जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये 'डी ब्रुके' हा चित्रकारांचा गट निघाला. त्यातल्या किर्शनरचे लाकूडठसे बघा, तिथली कड चाकूनं ओरबाडलेली आहे आणि अभिव्यक्तिवादाची वेदना त्या ओरखड्यात आहे. १९०९ चा इटलीतला फ्युचरिझम, म्हणजे भविष्यवाद, जाहीरनाम्यांत जास्त रमला; त्यातल्या बाल्लाच्या १९१२ च्या साखळी बांधलेल्या कुत्र्याच्या चित्रात पायांच्या कडा पंख्यासारख्या पसरतात, त्या मला आवडतात. सर्रिअलिझम, म्हणजे अतिवास्तववाद, १९२४ च्या जाहीरनाम्यानं सुरू झाला. तिथे दालीनं कडेला हातच लावला नाही. त्याचं वितळत्या घड्याळांचं चित्र फक्त २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे आणि त्यातली प्रत्येक कड जुन्या अकादमीइतकी काटेकोर. स्वप्न पटतं ते त्या काटेकोरपणामुळेच.

अमूर्तापाशी बहुतेक जण अडखळतात. 'काहीच ओळखू येत नाही, मग बघू काय?' वस्तू गेली तरी कड राहते, ती बघा. मालेविचचा 'काळा चौकोन' १९१५ मध्ये पेत्रोग्रादच्या प्रदर्शनात छताजवळच्या कोपऱ्यात टांगला होता, रशियन घरात जिथे पवित्र प्रतिमा असते त्या जागी. तो भूमितीतला काटेकोर चौरस नाही. हातानं रंगवलेला आहे आणि त्याच्या कडांत माणसाचा श्वास आहे. मॉन्द्रियान छापील फोटोत कोरडा वाटतो. मूळ चित्र जवळून बघाल तर पांढरे चौकोन एकसारखे पांढरे नाहीत, ब्रशची दिशा बदलते, आणि १९२०-२१ च्या सुमाराच्या काही चित्रांत काळ्या रेघा कॅन्व्हासच्या कडेपर्यंत न जाता जराशा अलीकडे थांबतात. तेवढ्यानं पूर्ण जाळी चित्राच्या आत तरंगायला लागते. रेघ टोकापर्यंत नेली असती तर चित्र बाहेरही पुढे चालू आहे असं वाटलं असतं. बोटभर अंतर, पण सगळा अर्थ बदलतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये दोन वेगळे मार्ग दिसतात. पोलॉकनं १९४७ पासून कॅन्व्हास जमिनीवर पसरला आणि पातळ रंग काठीनं, कडक झालेल्या ब्रशनं ओघळवला. त्याची रेघ कशाचीच कड नाही. ती कुठलाही आकार बंद करत नाही. हे हातानं करून बघा, फार अवघड जातं. हात आपोआप वळसा बंद करतो आणि आकार तयार होतो. रॉथ्कोचे रंगाचे आयत एकमेकांवर पातळ थरांत आहेत, आणि त्यांच्या पिंजलेल्या कडांमुळेच ते पुढे-मागे होतात. १९५२ मध्ये तेवीस वर्षांच्या हेलन फ्रँकेन्थेलरनं टर्पेंटाइननं पाण्यासारखा पातळ केलेला तैलरंग प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, न लावलेल्या कापडावर ओतला. रंग वर बसला नाही, धाग्यांत मुरला. डागाभोवती तेलाचं फिकट वलय पसरलं. ती कड कुणी काढलेली नाही. कापडानं किती प्यायलं त्यावर ती ठरली. आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि रंगसुरीनं थर चढवत आणि काढत. त्यांच्या चित्रात आकार थराच्या आतून वर येतात आणि कड नक्की कुठे आहे ते सांगता येत नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. 'हे तर लहान मूलही करेल' असं वाटलं की एक करा. चित्राच्या फोटोचा एक कोपरा हातानं झाका. बाकीचं चित्र कलंडलं, तर तो कोपरा विचारानं तिथे आला होता. काहीच फरक पडला नाही, तर ते चित्र कमकुवत असू शकतं. अमूर्तातही कमकुवत चित्रं भरपूर आहेत. नावाला दबून जाऊ नका.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आधुनिक आणि समकालीन यांच्यामध्ये एकच तारीख नाही; कुणी १९४५ धरतं, कुणी १९६० चं दशक, कुणी १९७०. मी कडेवरूनच उत्तर देतो. कड चित्राच्या आतून बाहेर पडली, तिथे समकालीन सुरू झालं.

याची चाहूल फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँनं फार आधी दिली होती. १९१७ मध्ये त्यानं बाजारातलं तयार मूत्रपात्र 'आर. मट' अशी सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला दिलं आणि ते मांडलंच गेलं नाही. मूळ वस्तू हरवली. आज दिसतात त्या प्रतिकृती. कलाकृती कुठे संपते आणि साधी वस्तू कुठे सुरू होते, ती कड त्यानं रोखून बघायला लावली.

चित्रकारांपुढे हा प्रश्न जास्पर जॉन्सच्या 'ध्वज' मुळे थेट आला. हे १९५४-५५ चं काम. अमेरिकेचा झेंडा, वर्तमानपत्राच्या तुकड्यांवर मेणात कालवलेल्या रंगानं केलेला. मेण पटकन गोठतं, त्यामुळे प्रत्येक फटकारा सुटा राहतो आणि खालची अक्षरं डोकावतात. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. या चित्रात झेंड्यामागे पार्श्वभूमी नाही. झेंड्याची कड आणि कॅन्व्हासची कड एकच आहे. मग हे झेंड्याचं चित्र आहे की झेंडा?

तिथून दोन पावलांवर मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमी घटकांची कला, आहे. फ्रँक स्टेलानं १९५९ मध्ये काळे पट्टे रंगवले, दोन पट्ट्यांमध्ये कोऱ्या कॅन्व्हासची बारीक फट सोडून. आपण जी पांढरी रेघ समजतो ती न रंगवलेली जागा आहे. पुढच्याच वर्षी त्यानं पट्ट्यांच्या वळणाप्रमाणे कॅन्व्हासलाच खाचा पाडल्या. चित्र वस्तू झालं, आणि कड भिंत व चित्र यांच्यामध्ये आली. डोनल्ड जडचे डबे, कार्ल आंद्रेच्या १९६६ च्या १२० विटा यांच्यापुढे उभं राहिलं की कड वस्तू आणि खोली यांच्यात असते. आपण कुठे उभे आहोत याचं भान येतं. पॉप आर्टमधला वॉरहॉल विषयासाठी ओळखला जातो, पण त्याचे १९६२ चे मर्लिनचे स्क्रीनप्रिंट जवळून बघा: ओठांचा लाल रंग छापील ओठांच्या कडेवर बसलेलाच नाही, बाजूला सरकला आहे. चेहरा आणि मुखवटा यांच्यातली फट तीच.

पुढे सोल ल्युइट १९६८ पासून भिंतीवरच्या रेखाटनांसाठी सूचना लिहू लागला. रेघा दुसरे ओढतात, प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकतात. कड विचार आणि हात यांच्यामध्ये गेली. रॉबर्ट स्मिथसननं १९७० मध्ये युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये दगडमातीचा साडेचारशे मीटरहून लांब सर्पिल बांध घातला. त्याची कड तळ्याचं पाणी ठरवतं, कित्येक वर्षं तो बुडालेलाच होता. १९७४ मध्ये मरिना अब्रामोविच नेपल्समध्ये सहा तास निश्चल उभी राहिली, टेबलावर ७२ वस्तू, गुलाबापासून पिस्तूल आणि गोळीपर्यंत, आणि प्रेक्षकांना त्या तिच्यावर वापरायची मोकळीक. तिथे कड म्हणजे तिची त्वचा. ज्युडी शिकागोनं १९७९ मध्ये पूर्ण केलेल्या 'डिनर पार्टी'त त्रिकोणी टेबलावर ३९ स्त्रियांची पानं मांडली, भरतकाम आणि चिनी मातीवरच्या रंगकामासकट. 'कला' आणि 'बायकांचं हस्तकाम' यांच्यात ओढलेली कड कुणी ओढली, हा त्या कामाचा सवाल आहे, आणि तो अजून शिळा झालेला नाही.

आता इझम का उरले नाहीत, तेही यातून कळतं. इझम होते तेव्हा एका शहरातले दहावीस जण एकाच साधनाशी झुंजत होते; कॅन्व्हासची कड सगळ्यांची सामाईक होती. आज घानाचा शिल्पकार एल अनात्सुई बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं तांब्याच्या तारेनं विणून भिंतभर पडदा करतो आणि तो कसा टांगायचा, कुठे चुण्या पाडायच्या, हे टांगणाऱ्यांवर सोडतो. दर वेळी त्या कामाची कड वेगळी पडते. त्याला कुठल्या खणात ठेवणार?

सुरुवात तीन चित्रांनी करा: मोनेचा 'सूर्योदय', सेझानचं सफरचंदांचं एखादं स्थिरचित्र आणि जॉन्सचा 'ध्वज'. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठे, स्पष्ट फोटो मिळतात. प्रत्येकासमोर वीस मिनिटं बसा, पेन्सिल आणि कागद घ्या आणि छटा न देता फक्त कडा काढा. मोनेपाशी रेघ कुठे ठेवावी ते कळणार नाही. ठेवू नका, ती जागा मोकळी सोडा. सेझानपाशी एकाच सफरचंदाला तीन रेघा लागतील, एकही खोडू नका. ध्वजाचे पट्टे आणि तारे सरळ येतील, पण सगळ्यात बाहेरची कड काढायला कागदावर जागाच नाही हे लक्षात येईल. तिथे पेन्सिल ठेवा आणि कात्री घ्या.